म्यूसे, आल्फ्रेद द

(११ डिसेंबर १८१०–२ मे १८५७). फ्रेंच स्वच्छंदतावादी कवी, नाटककार व कादंबरीकार. जन्म आणि मृत्यू पॅरिस येथे. लेखक शार्ल नोदिए याच्या साहित्यिक बैठकीत तो विशीच्या आतच वावरू लागला. १८३० च्या पहिल्या संग्रहातील चंद्रावरच्या कवितेत त्याने घंटाघराच्या सुळक्यावरील चंद्राला रोमन ‘आय’ या अक्षरावरच्या टिंबाची उपमा दिली. ही आपल्याच पंथाची थट्टा आहे, हे सर्वांच्या लक्षात आले नाही.

१ डिसेंबर १८३० रोजी ओदेओं नाट्यगृहात त्याचे ‘व्हेनिसमधील रात्र’ (म. शी. – मराठी शीर्षकार्थ) हे नाटक साफ पडले. ओल्या हिरव्या रंगाचे डाग नायिकेच्या पांढऱ्या पोशाखावर उमटून हशा पिकला, असे सांगतात. यापुढे त्याने नाटके लिहिली ती प्रयोगासाठी नव्हे, आरामखुर्चीत बसून वाचण्यासाठी.

त्यांतले ‘लोरेन्झाच्चो’ (१८३४) सर्वांत महत्त्वाचे. १५३७ मध्ये लोरेन्झो दे मेदिची याने आपलाच नातलग, फ्लॉरेन्सचा ड्यूक आलेस्सांद्रो दे मेदिची याचा केलेला खून हा त्याचा विषय. मूळ आराखडा म्यूसेची प्रेयसी, लेखिका झॉर्झ सांद हिने दिलेल्या अप्रकाशित ऐतिहासिक प्रवेशांचा. बाकी तपशील म्यूसेने बेनेदेत्तो वार्कीच्या फ्लॉरेन्सच्या इतिहासातून घेतला. रचनाकाळाबाबत मात्र मतभेद झाले. १८३३ च्या अखेरीस तो सांदबरोबर इटलीला गेला. त्या प्रवासात पाहिलेले फ्लॉरेन्सच नाटकात उतरले, असे पूर्वी मानले जाई. संशोधक पोल दिमोफ याने १९३६ मध्ये हस्तलिखितातील आराखडे प्रसिद्ध केल्यावर बराचसा भाग प्रवासापूर्वीच झाला असावा, हे मत अधिक ग्राह्य ठरते. रंगभूमीवर हे नाटक आले १८९६ मध्ये, काटछाट होऊन. लोरेन्झोची भूमिका अभिनेत्री सारा बेर्नार हिने केली.

व्हेनिसमध्ये म्यूसे आजारी पडला आणि सांद त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टर पाजेल्लोच्या प्रेमात पडली. या ताटातुटीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. वाङ्‌मयदृष्ट्या मोलाच्या ठरतात त्या ‘रात्री’ या चार कविता (१८३५–३७). पहिल्या कवितेत उपाशी पिलांना आपलेच काळीज देणारा पेलिकन पक्षी कवीचे रूपक होऊन येतो. १८३६ ची आत्मचरित्रपर कादंबरीही याच अनुभवातून आली.

१८४७ मध्ये कोमेदी-फ्रांसेझ या पॅरिसच्या नाट्यसंस्थेने ‘लहर’ (म. शी.) ही एकांकिका यशस्वीपणे सादर केल्यावर त्याच्या नाटकांना प्रेक्षक मिळू लागले. १८५२ मध्ये तो फ्रेंच अकादमीवर निवडून आला. तोवर मद्यपानाने त्याचे लेखन मंदावले होते. महारोहिणीच्या (हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीच्या) झडपेच्या विकारात नाडीच्या ठेक्याबरोबर मान हलते. या लक्षणाला वैद्यकात त्याचेच नाव आहे.