मळ की पू? लहान मुलाच्या कानात तेल घालण्याआधी

जानेवारीतली गोष्ट. खान्देशात तेव्हा भरताचे दिवस असतात आणि पहाटेची थंडी हाडात शिरते. आमच्या दोन वर्षांच्या मुलाला चार दिवसांपासून सर्दी होती. एका रात्री तो कानाला हात लावून लावून रडला आणि पहाटे एकदम शांत झोपला. सकाळी उशीच्या अभ्र्यावर रुपयाएवढा पिवळट डाग होता. सासूबाईंनी कान उजेडाकडे धरून बघितला आणि म्हणाल्या, "मळ शे तो. तेल टाक दोन थेंब, सुटी जाई." शेजारच्या काकू दारातूनच म्हणाल्या, "मळ कसाना? पोऱ्याना कान फुटना!"

मी तोवर पळीत तेल घेऊन, त्यात लसणाची पाकळी ठेचून गॅसवर ठेवलंही होतं. तेल निवेपर्यंत या दोघींचा वाद चालला, म्हणून ते कानात गेलं नाही. डॉक्टरांनी कानात बघून सांगितलं, पडद्याला बारीक भोक पडलंय आणि हा पू आहे. काकू बरोबर होत्या. पण सासूबाईंना तरी दोष कसा द्यायचा? डाग पिवळा, मळही पिवळा. अभ्र्यावर दोन्ही जवळजवळ सारखेच दिसतात.

फरक आहे तो उगमाचा. कानाच्या भोकापासून पडद्यापर्यंत एक बोळकंडी असते. मोठ्या माणसात ती साधारण अडीच सेंटिमीटर लांब, बाळात त्याहून आखूड. मळ तयार होतो तो या बोळकंडीच्या बाहेरच्या भागात. तिथल्या कातडीतल्या ग्रंथींचा चिकट स्राव, गळलेली त्वचा आणि आत शिरलेली धूळ यांचं ते मिश्रण. पडद्याजवळ मळ तयारच होत नाही. तिथे तो सापडला, तर बहुतेक वेळा कोणीतरी काडीने आत ढकललेला असतो.

खरं तर मळ हा शब्दच आपली फसगत करतो. नखातला मळ, अंगावरचा मळ, तसाच कानातला मळ, म्हणजे घासून काढायचाच, असं आपण धरून चालतो. कानातला मळ मात्र कामाचा आहे. तो पाणी आत मुरू देत नाही, किंचित आम्ल असल्याने जंतू आणि बुरशी वाढू देत नाही, धूळ धरून ठेवतो. शिवाय बोळकंडीची कातडी पडद्याकडून बाहेरच्या दिशेला अगदी हळूहळू सरकत असते आणि मळाला सोबत घेऊन येते. चावताना, बोलताना जबडा हलतो, त्याचीही मदत होते. म्हणजे बहुतेक मुलांचे कान कोणी साफ न करताच साफ होतात. काहींचा मळ मधासारखा चिकट असतो, काहींचा कोंड्यासारखा कोरडा. हे आनुवंशिक आहे, आईच्या स्वच्छतेशी त्याचा संबंध नाही.

पू येतो तो पडद्याच्या पलीकडून. पडद्यामागे हवा भरलेली छोटी पोकळी असते आणि एका नळीने ती नाकाच्या मागच्या भागाला जोडलेली असते. लहान मुलांत ही नळी आखूड आणि जवळजवळ आडवी असते. सर्दी झाली की नळी सुजते, पोकळीत पाणी साठतं, त्यात जंतू वाढतात आणि पू होतो. पू दाबाने पडदा फुगवतो, त्याचाच तो रात्रीचा ठणका. दाब फार वाढला की पडदा फुटतो, पू बाहेर येतो आणि ठणका एकदम थांबतो. पहाटेची आमची ती शांत झोप म्हणजे पडदा फुटल्याची खूण होती. आम्ही तिला बरं वाटल्याची खूण समजलो.

"झोपून दूध पाजू नको, कान फुटेल" हे आजीबाईंचं बोलणं मी बाळंतपणात खूप ऐकलं आणि बरेचदा हसण्यावारी नेलं. त्यात तथ्य आहे. पण दूध बाहेरून कानात ओघळतं म्हणून नव्हे. उताण्या बाळाच्या तोंडात बाटली टेकवून ठेवली, तर दूध घशाच्या मागून त्या आडव्या नळीत शिरू शकतं. बाळाचं डोकं थोडं वर धरून पाजलं की ही भीती कमी होते. अंगावरचं दूध पिणाऱ्या बाळांना हा त्रास मुळातच कमी होतो, चुलीच्या आणि विडीच्या धुरात वाढणाऱ्यांना जास्त.

आता दोन्ही शेजारी ठेवून बघू. मळ वाहत नाही. तो भोकाच्या तोंडाशी साचून असतो, रंग पिवळ्यापासून तपकिरी-काळ्यापर्यंत काहीही, वास फारसा नाही. अभ्र्याला लागला तरी पुसटसा, चिकट, आणि दुसऱ्या रात्री तेवढाच किंवा काहीच नाही. पू वाहतो. पुसला की तासाभरात पुन्हा ओल दिसते, कधी त्यात रक्ताची रेघ, आणि बरेचदा घाण वास. मळामुळे ताप येत नाही आणि मूल रात्रभर रडत नाही. फार साचला तर कानाला दडा बसतो, खाज सुटते, हाक मारलेली ऐकू येत नाही. पुवाआधी बहुतेक वेळा चार-आठ दिवसांची सर्दी असते, मग ताप, मग ठणका. मूल नुसतं कान ओढतंय यावरून मात्र काहीच ठरवू नका. दात येताना ओढतात, झोप आली की ओढतात, कान नावाची वस्तू सापडल्याच्या आनंदातही ओढतात.

गोंधळ वाढवणारी एक शक्यता आहेच: मळ पुढे आणि पू मागे, दोन्ही एकाच कानात. मळाने वाट बंद असेल तर डॉक्टरांनाही पडदा दिसत नाही. ते आधी बघत बघत मळ काढतात आणि मग निदान करतात. म्हणून ताप आणि ठणका असताना "मळ तर दिसतोय, म्हणजे मळाचाच त्रास" असा हिशेब मांडू नये.

घरी काय करायचं, ते दोन्हींत जवळजवळ उलटं आहे. आमच्याकडे चुकलं असतं ते इथेच.

मळ असेल आणि मुलाला काही त्रास नसेल, तर काही करायचं नाही. अंघोळीनंतर ओल्या मऊ फडक्याने कानाची पाळी आणि भोकाचं तोंड पुसा. आपलं बोट जिथवर आपोआप जातं तिथवरच. मळ कडक होऊन साचलाय असं वाटलं, तर आधी एकदा डॉक्टरांना कान दाखवा. पडदा शाबूत आहे असं त्यांनी सांगितलं, तर मळ मऊ करायला ऑलिव्ह तेलाचे दोन-तीन थेंब किंवा त्यांनी दिलेलं औषध तीन ते पाच दिवस चालतं. थेंब अंगाइतकेच कोमट हवेत. गार थेंबांनी मुलाला चक्कर येते आणि गरम थेंबांनी आतली कातडी भाजते. मुलाला कुशीवर निजवा. तीन वर्षांच्या आतलं असेल तर पाळी हलकेच खाली आणि मागे ओढा, मोठं असेल तर वर आणि मागे. थेंब टाकल्यावर पाच मिनिटं तसंच राहू द्या. मऊ झालेला मळ पुढच्या काही दिवसांत आपला आपण बाहेर येतो, एका बैठकीत निघत नाही. मेडिकलमधून पिचकारी आणून घरी पाण्याचा मारा करू नका.

पू असेल तर तेल नाही, पाणी नाही, लसूण तर नाहीच. फुटलेल्या पडद्यातून ते सगळं सरळ आत जातं. डोक्यावरून अंघोळ आणि पोहणं बंद. आणि ज्याची मळात मनाई, ते इथे डॉक्टर सांगतात: कान कोरडा करायचा. पण काडीने नव्हे. स्वच्छ, धुतलेल्या सुती कापडाचा तुकडा वळून वात करायची, ती भोकाशी ठेवायची, ओली झाली की काढून दुसरी. कोरडी निघेपर्यंत असं, दिवसातून तीनदा तरी. आशाताई आणि नर्सताईंच्या प्रशिक्षणातही हीच पद्धत शिकवतात. देवापुढची वात वळायला बसणाऱ्या सासूबाईंना हे काम माझ्यापेक्षा फार सफाईने जमलं. औषध डॉक्टर देतील तेच आणि तितकेच दिवस. वाहायचं थांबलं म्हणून तिसऱ्या दिवशी बाटली फडताळात ठेवून देऊ नका.

कान चौदा दिवसांहून जास्त वाहिला तर तो जुनाट समजतात, त्याचे उपचार वेगळे. कानामागे दुखरी सूज आली, पाळी पुढे ढकलल्यासारखी दिसू लागली, तर त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठायचं. धुळे, जळगाव आणि नंदुरबार, तिन्ही ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. डोक्यावर पडल्यानंतर कानातून रक्त किंवा पाण्यासारखं काही आलं, तर मळ-पुवाची चर्चा न करता निघायचं. अंगणवाडीत आणि शाळेत जे तपासणी पथक येतं, ते 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं. वाहणारा कान आणि कमी ऐकू येणं दोन्ही त्यांच्या यादीत आहे, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

मळ आणि पू सोडून तिसरंही काही असू शकतं. उन्हाळ्यात विहिरीत डुंबणाऱ्या मोठ्या पोरांच्या कानात बुरशी धरते. खाज भयंकर आणि आत भिजलेल्या वर्तमानपत्रासारखा काळा-पांढरा लगदा. लहानग्यांच्या एकाच कानातून घाण वास येत असेल, तर आत हरभऱ्याचा किंवा तुरीचा दाणा असू शकतो. त्यावर पाणी टाकलं तर तो फुगून घट्ट बसतो. खेळण्यातला बटणासारखा सेल कानात गेला असेल, तर एक थेंबही न टाकता लगेच दवाखाना.

काडीबद्दल वेगळं सांगावं लागतं, कारण हेअरपिन आणि आगपेटीची काडी वाईट हे पटतं, पण कापूस लावलेली काडी सुरक्षित वाटते. अमेरिकेत 1990 ते 2010 या काळात अशा काड्यांनी कानाला इजा होऊन सुमारे 2 लाख 63 हजार मुलं तातडीच्या विभागात आली असा अंदाज आहे, म्हणजे रोज साधारण 34. त्यातली बहुतेक खेळताना नव्हे, कान साफ करतानाच. आठवडी बाजारात लाल टोपी घालून, कानाला कापूस अडकवून फिरणारे कान साफ करणारे मला लहानपणी फार आवडायचे. त्यांच्या हातात कसब असेलही, पण हलणाऱ्या दोन वर्षांच्या मुलाचा पडदा त्या सळईला दिसत नाही.

आमच्या मुलाचं भोक काही आठवड्यांत भरलं. डॉक्टरांनी तरी तीन महिन्यांनी परत बोलावलं, कारण पू गेला तरी पडद्यामागे पाणी राहू शकतं, आणि ते असेतो मुलाला कमी ऐकू येतं. बोलायला शिकण्याचं वय, म्हणून ते बघावं लागतं. त्या तपासणीत उजवा कान ठीक निघाला. डाव्या कानात मळ होता, भोकाशीच, तपकिरी. सासूबाईंनी डॉक्टरांना विचारलं, "हाऊ काढाना का?" ते म्हणाले, राहू द्या.