अमेरिकन विद्यापीठांचे उन्हाळी प्रोग्रॅम: हायस्कूलच्या मुलांसाठी सुरू झाले कसे, महाग झाले कसे

अमेरिकेतल्या विद्यापीठांत उन्हाळी वर्ग १८७० च्या दशकापासून भरतायत, पण तेव्हा ते मुख्यतः शाळेतल्या शिक्षकांसाठी असायचे. हायस्कूलच्या मुलांची सुरुवात १९३१ पासून धरली तरी चालेल, शिकागोजवळच्या एका विद्यापीठाने त्या वर्षी वक्तृत्व आणि नाटक शिकायला मुलांना बोलावलं. पण खरा जोर आला ऑक्टोबर १९५७ नंतर. सोव्हिएत रशियाचा स्पुटनिक, म्हणजे जगातला पहिला कृत्रिम उपग्रह, अवकाशात गेला, वॉशिंग्टनला घाम फुटला, पुढच्याच वर्षी शिक्षणाला पैसा देणारा मोठा कायदा झाला आणि सायन्सचा सरकारी निधी विद्यापीठांमार्फत थेट शाळकरी मुलांच्या सुट्टीपर्यंत पोचला.

तेव्हाचे प्रोग्रॅम काय ताकदीचे होते बघा. १९५९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओहायला एक सुरू झाला, तिथे मुलं रात्री जागून दुर्बिणीतून एका लघुग्रहाचे फोटो घ्यायची, आजूबाजूच्या ताऱ्यांवरून त्याची जागा मोजायची आणि निदान तीन वेगवेगळ्या वेळच्या नोंदींवरून त्याची कक्षा काढायची, तीही यांत्रिक कॅल्क्युलेटरवर, एक आकडा चुकला की परत पहिल्यापासून. कित्येक आठवडे असं काम केलं की आपल्याला हे आवडतं की नुसतं नाव ऐकून आवडत होतं, ते मुलाला आपोआप कळतं. करिअर शोधायचं ते असं, असं मला मनापासून वाटतं.

दुसरा धागा गरिबी हटवण्याच्या १९६४ च्या कायद्यातून आला. १९६५ च्या उन्हाळ्यात कमी उत्पन्नाच्या घरातली मुलं कॅम्पसवर राहायला आली, फुकट. १९७५ मध्ये बॉस्टनजवळच्या एका तंत्रविद्यापीठाने इंजिनिअरिंगमध्ये फारसे न दिसणाऱ्या समाजांतल्या मुलांसाठी बिनफीचा प्रोग्रॅम काढला, तो अजून चालू आहे.

मग आली ऐंशीच्या दशकाची सुरुवात, आणि माझ्या मते सगळं वळण इथेच आहे. नव्या सरकारने शालेय पातळीवरच्या विज्ञान शिक्षणाचा फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचा, निधी जवळपास बंद केला. सरकारची बाजू मांडणारे म्हणायचे की शाळा ही राज्यांची जबाबदारी, वॉशिंग्टनने त्यात कशाला पडायचं, आणि मोजक्या हुशार मुलांवर सगळ्यांचा पैसा का घालवायचा. शेवटचा मुद्दा बिनबुडाचा नव्हता, स्पुटनिकनंतरच्या प्रोग्रॅममध्ये आधीच चांगल्या शाळेत असणारी मुलंच जास्त पोचायची. पण उपाय म्हणून जास्त मुलांना आत घ्यायचं सोडून पैसाच काढून घेतला. १९८३ मध्ये देशातल्या शाळा घसरल्याचा सरकारी अहवाल आला, ओरड झाली, दशकाच्या शेवटी उन्हाळी प्रोग्रॅमना थोडा निधी परत मिळाला आणि नव्वदीत तोही गेला. कोणी देणगीवर तगले, कोणी बंद पडले, आणि पालकांकडून फी घेण्याचा रस्ता रुंद होत गेला.

विद्यापीठांनाही ते सोयीचं होतं. होस्टेल उन्हाळ्यात रिकामी, मेसचा खर्च चालूच, मग दोन-तीन आठवड्यांचे बिझनेस, मेडिसिन, लॉ असे कोर्स निघाले ज्यांची फी आज राहण्याजेवणासकट पाच हजार डॉलरच्या वर सहज जाते. त्यातच बाहेरच्या कंपन्या नुसत्या खोल्या आणि वर्ग भाड्याने घेऊन आपले कॅम्प लावतात, माहितीपत्रकावर मोठ्या विद्यापीठाची इमारत, पण शिकवणारे तिथले नाहीत, निवड तिथली नाही, सर्टिफिकेटही तिथलं नाही. ‘तुमच्या मुलाची निवड झालीय’ अशी पत्रं घरी येतात आणि आईबाप कर्ज काढायचा विचार करतात, हे मला फार लागतं. विद्यापीठांचे अॅडमिशनवाले तर उघड सांगतात की असा पेड प्रोग्रॅम केल्याने पुढे कॉलेजच्या प्रवेशात वेगळा फायदा नाही, बऱ्याच प्रोग्रॅमच्या स्वतःच्या पानावरही ते लिहिलेलं असतं, फक्त खाली कुठेतरी बारीक अक्षरात.

२०२० मध्ये कोविडमुळे बहुतेक प्रोग्रॅम ऑनलाइन गेले किंवा रद्द झाले. होस्टेल नंतर परत भरली, पण ऑनलाइन कोर्स बऱ्याच ठिकाणी राहिले, कमी फीत, घरात काम किंवा लहान भावंडं सांभाळणाऱ्या मुलांना तेच जमतात. फुकटवाले प्रोग्रॅम टिकून आहेत, पण जागा मोजक्या आणि अर्ज ढिगाने, म्हणून तिथे प्रवेश मिळणं काही चांगल्या कॉलेजांपेक्षाही अवघड होऊन बसलंय.