रस्ता रुंद करायचा तर पर्यावरणाचा अभ्यास कधी लागतो? कोकणापुरती पार्श्वभूमी

गेली काही वर्षं कोकणात कुठेही जा, रस्त्याचं काम चालू आहे. मुंबई-गोवा हायवेचं तर चालूच आहे, पण त्याच्या जोडीला सागरी महामार्ग, घाटरस्ते, तालुक्याला जोडणारे जिल्हा मार्ग, सगळीकडे पोकलेन आणि डंपर. आणि प्रत्येक ठिकाणी पहिली दरड आली की लोक विचारतात, अरे ह्याचा पर्यावरणाचा अभ्यास झाला होता का? बऱ्याचदा खात्याकडून उत्तर येतं की ह्या कामाला तो लागत नाही. लोकांना वाटतं टोलवताहेत, पण कागदावर ते उत्तर बहुतेक वेळा बरोबर असतं. ते बरोबर कसं झालं त्याची ही पार्श्वभूमी.

आधीचा काळ भरभर सांगतो. रस्ते इंजिनियरांच्या देशपातळीवरच्या संस्थेनं हायवेचा पर्यावरणावर काय परिणाम होतो हे कसं तपासायचं याच्या मार्गदर्शक सूचना १९८८ सालीच काढल्या होत्या, म्हणजे विषय नवीन नव्हता. पण सक्ती आली १९९४ च्या जानेवारीतल्या केंद्राच्या पर्यावरण अधिसूचनेनं, आणि त्यात हायवे होते. तीनच वर्षांत, १९९७ ला, त्यातून रुंदीकरण आणि मजबुतीकरण बाहेर काढलं. अट अशी की आहे त्याच मार्गाला धरून काम हवं, जमीन किरकोळ घ्यायची आणि रस्ता अभयारण्य, राखीव जंगल वगैरेतून जाता कामा नये. किरकोळ म्हणजे किती हे १९९९ ला ठरलं, दोन्ही बाजू मिळून २० मीटर. कोकणातल्या ज्या रस्त्यांवर तेव्हा समोरून एसटी आली की आपली गाडी साईडपट्टीवर उतरवायला लागायची, तिथे २० मीटर म्हणजे किरकोळ कसं काय, हा प्रश्न तेव्हा फारसा कुणी विचारला नाही. रस्ताच हवा होता सगळ्यांना. तो आजही हवा आहे, आणि तो मागणारे चूक नाहीत. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल एसटीसकट वाहून गेला, त्यानंतर तरी जुनं आहे तेच बरं असं कुणी म्हणू नये.

आता मुद्द्याचं. २००६ च्या सप्टेंबरला नवीन अधिसूचना आली, आजही मूळ तीच चालते, वरून दुरुस्त्या. त्यात राष्ट्रीय आणि राज्य अशा दोन्ही हायवेंच्या रुंदीकरणाला पर्यावरण मंजुरी, आणि तिच्यासाठी आधी अभ्यास, कधी लागेल याचं एकच माप होतं, ३० किलोमीटरपेक्षा जास्त लांबी आणि २० मीटरपेक्षा जास्त वाढीव रुंदी, तीही जमीन संपादन असेल तर. शिवाय ज्या रुंदीकरणात नवीन जमीन घ्यायची नाही त्याला जनसुनावणीसुद्धा माफ. हे माप ढिलं होतं पण निदान मोजता येत होतं.

१ डिसेंबर २००९ ला दुरुस्ती झाली आणि कोकणाच्या दृष्टीनं माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा निर्णय तो आहे, त्याच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. राज्य महामार्गाच्या रुंदीकरणाला पर्यावरण मंजुरी कधी लागेल? तर रस्ता समुद्रसपाटीपासून १००० मीटरच्या वरच्या डोंगराळ भागात असेल तेव्हा, किंवा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रात असेल तेव्हा. बास. लांबी कितीही असो, डोंगर कितीही कापा.

आता हे १००० मीटर कोकणाला लावून बघा. आंबोली सातशे मीटरच्या आसपास. आंबा घाट, कुंभार्ली, फोंडा, करूळ, भुईबावडा, ताम्हिणी, वरंध, सगळे हजाराच्या आत. एक आंबेनळी तेवढा वर महाबळेश्वरला जाताना हजार ओलांडतो. म्हणजे पोलादपूर ते महाबळेश्वर सोडलं तर कोकणातून देशावर जाणारा एकही नावाजलेला घाट ह्या व्याख्येत डोंगराळ नाही! हे माप हिमालयाला शोभतं, तिथे बरेचसे घाटरस्ते हजार मीटरच्या वरच आहेत. सह्याद्रीचं तसं नाही, इथे पायथा जवळजवळ समुद्राच्या पातळीला आणि तिथून कडा एकदम सरळ उभा, आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि दरड कोसळते ती उतार, पाणी आणि मातीमुळे, तिला समुद्रसपाटीपासूनची उंची विचारत कोण बसतं. उतार किती अंशाचा, पाऊस किती, खाली वस्ती आहे का, ह्यातलं एकही माप त्या ओळीत नाही. फक्त उंची. ज्यांनी ती ओळ लिहिली त्यांनी सह्याद्री डोळ्यासमोर ठेवला नव्हता हे मी ठामपणे म्हणतो.

मग उरली दुसरी अट, संवेदनशील क्षेत्र. इथे गुंता असा की नुसतं जंगल दाट आहे, वाघाचा येण्याजाण्याचा रस्ता आहे, एवढ्यानं क्षेत्र संवेदनशील ठरत नाही, ते अधिसूचनेनं जाहीर व्हावं लागतं. कोकणात आणि लगत असे तुकडे आहेत, मुरुड-जंजिरा १९८९ पासून, डहाणू १९९१, महाबळेश्वर-पाचगणी २००१, माथेरान २००३. पण सह्याद्रीची अख्खी रांग? तिच्यावर एका समितीनं २०११ ला अहवाल दिला, तो कडक वाटला म्हणून दुसरी समिती, तिचा २०१३ ला. पहिली मसुदा अधिसूचना मार्च २०१४ मध्ये. त्यानंतर मसुद्याची मुदत संपायची, नवीन मसुदा यायचा, परत हरकती, परत मुदत. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ ला निघाला, वायनाडच्या दरडीच्या दुसऱ्या दिवशी. त्यात सहा राज्यांतलं मिळून ५६,८२५ चौरस किलोमीटर, महाराष्ट्राचं १७,३४० च्या आसपास. मसुदाच तो. आणि जोवर अंतिम होत नाही तोवर रस्त्याच्या नियमातली ती दुसरी अट बहुतेक घाटांना लागूच होत नाही असं खात्यांचं वाचन राहिलं आहे. सावंतवाडी-दोडामार्गचं उदाहरण घ्या, तिथल्या वन्यजीवांच्या पट्ट्यासाठी लोकांनी हायकोर्टात वर्षानुवर्षं लढा दिला, २०१३ पासून झाडतोडीवर बंदी, आणि तिथली २५ गावं संवेदनशील जाहीर करा असा आदेश यायला मार्च २०२४ उजाडला. मधल्या काळातली रस्त्यांची कामं कुठल्या मापानं मोजली असतील ते ह्यावरून कळतं.

राष्ट्रीय महामार्गांची गोष्ट वेगळी, तिथे २२ ऑगस्ट २०१३ ला ३० किलोमीटरचे थेट १०० झाले, आणि २० मीटरचे आहे त्या मार्गावर ४० व वळणमार्गावर ६०. दोन्ही मर्यादा ओलांडल्या तरच मंजुरी. ह्याच काळात कोकणातले बरेच राज्य महामार्ग राष्ट्रीय झाले, गुहागर-चिपळूण-कराड झाला, तळेरे-गगनबावडा-कोल्हापूर झाला. पाटी बदलली, पैसे केंद्राचे आले, आणि अभ्यासाचं मापही बदललं. तळेरे ते कोल्हापूर अख्खा धरला तरी शंभर किलोमीटरच्या आत आहे. म्हणजे राज्याचा होता तेव्हा उंचीत बसला नाही, राष्ट्रीय झाला तेव्हा लांबीत बसला नाही. करूळ घाट जानेवारी २०२४ पासून रुंदीकरणासाठी कित्येक महिने बंद ठेवला होता, तिकडच्या लोकांनी भुईबावडा आणि फोंड्यानं वळसे घेतले, एवढं मोठं काम ते.

शंभरची मर्यादा आली की तुकडे पाडायचा प्रश्न येतोच. पॅकेजं पाडणं ही मुळात कंत्राटाची सोय आहे, त्यात गैर काही नाही. मुंबई-गोवा हायवेचं पनवेल-इंदापूर ८४ किलोमीटरचं काम वेगळं निघालं, ते २०११ ला सुरू झालं, आणि पुढचं इंदापूर ते झाराप दहा पॅकेजमध्ये. गैर तेव्हा, जेव्हा कंत्राटाचं पॅकेज हाच प्रकल्प धरून मोजमाप होतं. उत्तराखंडात चारधामचा जवळजवळ नऊशे किलोमीटरचा रस्ता ५३ तुकड्यांत गेला आणि त्यावर खूप गाजलं. तमिळनाडूत विळुप्पुरम ते नागपट्टिनम हा १८० किलोमीटरचा रस्ता चार पॅकेजात होता, हायकोर्टानं मंजुरी घ्या म्हटलं, सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२१ मध्ये तो आदेश फिरवला कारण रुंदीची मर्यादा ओलांडली जात नव्हती, पण त्याचबरोबर हेही म्हटलं की मंजुरी चुकवायची युक्ती म्हणून तुकडे पाडता येणार नाहीत, आणि तुकडे कधी चालतील हे तज्ज्ञ समितीनं ठरवावं. कोकणातले रस्ते मात्र ह्या वादात फार आलेच नाहीत, कारण सांगितलंच वर, बहुतेक रस्ते मुळातच आखूड आणि बुटके.

बरं, अभ्यास लागला तरी कसा होतो? १९९४ च्या अधिसूचनेपासून झटपट अहवालाची सोय आहे, एका हंगामाची माहिती गोळा करायची, पावसाळा सोडून. आता कोकणात पावसाळा सोडून रस्त्याचं काय मोजणार? फेब्रुवारीत गेलात तर पऱ्या (पावसाळी ओढा) कोरडा ठणठणीत, दगडांवर पालापाचोळा, वाटतं इथे दोन पाइप टाकले की झालं. जुन्या डांबरी रस्त्याखाली तिथे दगडी मोरी होती, माणूस वाकून आरपार जाईल एवढी, ती बांधणाऱ्याला जुलै माहीत होता. आता काँक्रीटचा रस्ता हातभर उंच झाला, मोरीच्या जागी सिमेंटचे पाइप आले, पहिल्याच मोठ्या पावसात पाइपच्या तोंडाशी फांद्या आणि कटिंगची लाल माती अडकते, पाणी वर चढतं, वरच्या घराच्या पडवीत शिरतं आणि मग एकदम रस्त्यावरून खालच्या कुणग्यात, म्हणजे भाताच्या खाचरात, उतरतं. लावणी झालेल्या भातावर वीतभर माती. त्याची नुकसानभरपाई कुठल्या फॉर्मवर मागायची हे तलाठ्यालाही सांगता येत नाही.

कटिंगचं तसंच. आपल्याकडे वरून जांभा टणक असतो, चिरा काढावा तसा सरळ कापला जातो म्हणून उभी भिंत ठेवतात, पण खाली मऊ पांढरट-पिवळी चिकणमाती असते, तिच्यात पाणी मुरलं की वरचा जांभा घेऊन खाली येते. परशुराम घाटात २०२२ च्या उन्हाळ्यात रोज काही तास वाहतूक बंद ठेवून डोंगर कापला, आणि त्याच पावसाळ्यात दरडींमुळे घाट परत बंद ठेवायला लागला.

मातीचा अजून एक धागा आहे. रस्त्याच्या भरावाला माती, खडी कुठून तरी आणतातच. २०१२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर पाच हेक्टरच्या आतल्या गौण खनिजालाही मंजुरी लागू झाली. मग २८ मार्च २०२० ला, लॉकडाऊनच्या पहिल्या आठवड्यात, रस्ता आणि पाइपलाइनसारख्या लांबट प्रकल्पांसाठी साधी माती उचलायला मंजुरीतून सूट दिली, लोकांच्या हरकती न मागवता. किती माती, कुठून, किती खोल, काहीच मर्यादा नाही. २१ मार्च २०२४ ला सुप्रीम कोर्टानं ती सूट मनमानी ठरवून रद्द केली. मधली चार वर्षं म्हणजे कोकणात हायवेचं आणि बाकी रस्त्यांचं काम जोरात चालू असलेली वर्षं, आणि कुठल्या सड्यावरून (जांभ्याच्या कातळी पठारावरून) किती भराव उचलला ते आता टेकडीची उरलेली बाजू बघूनच सांगता येईल. सडा म्हणजे पडीक असं सातबारावर दिसतं, प्रत्यक्षात पावसात तिथेच रानफुलं, गुरांचा चारा, खालच्या विहिरींचं पाणी, आणि रत्नागिरीकडे कातळशिल्पंसुद्धा.

किनाऱ्याची बाजू त्यामानानं राखलेली आहे. १९९१, मग २०११, मग २०१९ अशा सीआरझेडच्या (किनारी नियमन क्षेत्राच्या) तीन अधिसूचना झाल्या आणि खाडीपुलाला ही मंजुरी चुकत नाही. त्याशिवाय कांदळवन तोडायचं तर हायकोर्टाची परवानगी, २००५ च्या अंतरिम आदेशापासून ते २०१८ च्या अंतिम निकालापर्यंत हे पक्कं झालं, भोवतीचे ५० मीटर धरून. रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाची कल्पना १९८० च्या दशकातली, इतकी वर्षं लोक वेश्वी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ असे फेरीबोटीनं खाड्या ओलांडत आले, आता पुलांची कामं निघाली आहेत. पण सीआरझेडची नजर भरतीरेषेलगतच्या पट्ट्यापाशी थांबते. २०१९ नंतर खाडीकाठी तो पट्टा १०० मीटरवरून ५० वर आला, किंवा खाडीच्या रुंदीएवढा, जे कमी असेल ते. पुलाखालच्या चिपीची (कांदळवनाची) मोजणी होते आणि पुलापुढे लगेच सुरू होणारा डोंगर, त्यातलं कटिंग, खाजणातला (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतला) भराव आणि त्यामुळे अडणारं भरतीचं पाणी, हे दुसऱ्या फाईलमध्ये जातं. ती फाईल राज्य महामार्गाच्या रुंदीकरणाची असली तर परत तेच, उंची १००० मीटरच्या खाली.

एक उलटा प्रकार सांगायला हवा. परदेशी विकास बँकेच्या कर्जातून जे राज्य रस्ते सुधारतात त्यांना देशाच्या कायद्यानं अभ्यास लागत नसला तरी बँकेच्या नियमानं प्राथमिक पर्यावरण तपासणी करावी लागते, झाडं, मोऱ्या, खाणी, कामगारांच्या वस्तीसकट, आणि ती जाहीर ठेवावी लागते. म्हणजे रुंदीकरणाचा अभ्यास करणं अशक्य किंवा फार खर्चिक आहे हे खरं नाही. तोच रस्ता राज्याच्या पैशातून झाला की तो अभ्यास कुणी मागत नाही.

सध्या आपल्या गावाजवळच्या कामाचं काही शोधायचं असेल तर वनजमीन वळवल्याची आणि सीआरझेडची फाईल परिवेश या केंद्राच्या पर्यावरण मंजुऱ्यांच्या पोर्टलवर सापडते, दगड-मातीच्या परवान्याची चौकशी तहसील किंवा जिल्ह्याच्या खनिकर्म शाखेत करावी लागते, आणि मोऱ्यांचं मोजमाप बांधकाम खात्याच्या अंदाजपत्रकात असतं, ते माहिती अधिकारात मागावं लागतं.