वचन आणि वागणूक : एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

पवित्र शास्त्रातील, म्हणजे बायबलमधील, शिकवण रोजच्या जगण्यात कशी उतरवायची, हा प्रश्न आज बहुधा व्यक्तिगत रूपात विचारला जातो. सकाळच्या मननात वाचलेला उतारा मला आज काय सांगतो, माझ्या नोकरीत, घरात, निर्णयांत तो कसा लागू होतो, असे त्याचे स्वरूप असते. हा प्रश्न योग्यच आहे. पण तो नेहमी असाच विचारला गेला, असे मात्र नाही. पहिल्या शतकात तो साऱ्या मंडळीपुढे, म्हणजे ख्रिस्ती समुदायापुढे, एकदम उभा राहिला आणि तोही जेवणाच्या पानावर. तेव्हा झालेल्या एका निर्णयाचे पुढे काय झाले, हे पाहिल्याशिवाय आजच्या लागूकरणाच्या पद्धती नीट समजत नाहीत.

सिरियातील अंत्युखिया नगरात यहूदी आणि परराष्ट्रीय (यहूदी नसलेले) विश्वासणारे एकत्र जेवू लागले होते. यरुशलेमेकडून काही जण आले, तेव्हा येशूचा शिष्य पेत्र त्या पंगतीतून मागे सरला आणि प्रेषित पौलाने त्याला सर्वांसमोर जाब विचारला, हे पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात नोंदलेले आहे. वाद सुंतेचा होता, तसाच तो कोणी कोणाबरोबर बसून जेवायचे याचाही होता. सुमारे इ. स. ४९ मध्ये यरुशलेमेत भरलेल्या सभेने त्यावर निर्णय दिला. परराष्ट्रीयांवर सुंतेचे आणि मोशेच्या संपूर्ण नियमशास्त्राचे ओझे लादायचे नाही. मात्र त्यांनी चार गोष्टी वर्ज्य कराव्यात : मूर्तीला अर्पण केलेले पदार्थ, रक्त, गुदमरून मारलेले प्राणी आणि जारकर्म. पेत्राने अनुभव सांगितला, बर्णबा आणि पौल यांनी वृत्तांत दिला, यरुशलेमेच्या मंडळीचा पुढारी याकोब याने संदेष्ट्यांच्या वचनाशी तो ताडून पाहिला आणि मग पत्र लिहिले गेले. ऐकणे, ताडणे आणि ठरवणे हा क्रम येथे महत्त्वाचा आहे, कारण पुढच्या काळात त्याच्यातील मधली पायरी वारंवार गळून पडलेली दिसते.

हीच चार कलमे का, यावर आजही एकमत नाही. एक मत असे की लेवीय पुस्तकाच्या सतराव्या आणि अठराव्या अध्यायांत इस्राएलात राहणाऱ्या परदेशीयांसाठी जे नियम आहेत, त्यांचाच हा गोषवारा आहे. दुसरे मत म्हणते की त्या काळच्या मूर्तिमंदिरांतील मेजवान्यांत या चारही गोष्टी एकत्र आढळत, म्हणून निर्णयाचा रोख मूर्तिपूजेकडेच आहे. तिसरे वळण हस्तलिखितांमुळे मिळाले. पाश्चात्त्य म्हटल्या जाणाऱ्या काही प्राचीन प्रतींत गुदमरून मारलेल्या प्राण्यांचा उल्लेख नाही आणि त्याऐवजी, स्वतःला जे व्हावेसे वाटत नाही ते दुसऱ्याला करू नये, असे वाक्य आहे. ही प्रत हाती असलेल्याला रक्त म्हणजे रक्तपात, असा अर्थ घेणे सोपे जाते आणि मग संपूर्ण निर्णय मूर्तिपूजा, खून आणि व्यभिचार या तीन पापांपुरता उरतो. माझ्या मते पहिले मत सर्वांत बळकट आहे, कारण याकोबाने लगेच पुढे दिलेले कारण, म्हणजे मोशेचे लेख प्रत्येक नगरात शब्बाथ दिवशी वाचले जातात, ते त्यामुळेच उलगडते. ज्यांच्या कानांवर ते नियम दर आठवड्याला पडत होते, त्यांना परराष्ट्रीयांच्या शेजारी निःसंकोच बसता यावे, यासाठी ही तजवीज होती.

पौलाने करिंथकरांना जे लिहिले, ते याच संदर्भात वाचावे लागते. मूर्ती म्हणजे काहीच नव्हे, हे त्याला मान्य आहे. तरीही तो एका नियमावर न थांबता तीन प्रसंग वेगळे करतो. मूर्तीच्या मंदिरात पंगतीला बसू नका, कारण प्रभूच्या मेजाचे आणि भुतांच्या मेजाचे भागीदार एकाच वेळी होता येत नाही. बाजारात जे मांस विकले जाते, ते चौकशी न करता खा. अविश्वासणाऱ्याने घरी बोलावले, तर पुढे वाढलेले खा. पण कोणी हे अर्पण केलेले आहे असे म्हणाले, तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका. मांस तेच, खाणारा तोच. बदलते ती बाजूला बसलेली व्यक्ती. यरुशलेमेच्या पत्राचा हवाला पौलाने येथे का दिला नाही, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला वाटते, पत्राचा हेतू त्याने पुरता आत्मसात केला होता आणि करिंथच्या बाजारात तो कसा पाळायचा, एवढेच तो दाखवत होता.

पुढच्या पिढ्यांनी मात्र हेतूइतकाच, किंबहुना अधिकच, मजकूर जपला. बायबलच्या प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकात पर्गम आणि थुवतीरा येथील मंडळ्यांना अर्पण केलेले पदार्थ खाल्ल्याबद्दल कडक शब्द ऐकावे लागतात. इ. स. १७७ मध्ये लियोन येथे छळ सोसणाऱ्या एका स्त्रीने, ख्रिस्ती लोक मुले खातात या आरोपाला उत्तर देताना, ज्यांना मुक्या प्राण्यांचे रक्तही खाण्याची मुभा नाही ते मुले कशी खातील, असा उलट प्रश्न केला. त्यानंतर वीसेक वर्षांनी कार्थेजमधील एका लेखकाने नोंदवले की ख्रिस्ती माणसाची परीक्षा पाहण्यासाठी त्याच्यापुढे रक्त भरलेली आतडी ठेवली जात, कारण तो ती खाणार नाही हे छळणाऱ्यांना ठाऊक असे. म्हणजे दुसऱ्या शतकाच्या अखेरीस हे कलम केवळ आठवणीत नव्हते, तर माणसाची ओळख पटवण्याइतके ठळक होते.

सुमारे इ. स. ४०० पर्यंत चित्र पालटले. उत्तर आफ्रिकेतीलच एका बिशपने स्पष्ट लिहिले की प्रेषितांनी त्या काळी यहूदी आणि परराष्ट्रीयांना एकत्र पाळता येईल अशी एक सोपी गोष्ट निवडली होती. आता मंडळीत यहूदी वंशाचे लोक उरलेले नसल्याने मानेवर फटका मारून मारलेल्या सशाला हात लावायला कोणी कचरत नाही. पूर्वेकडे मात्र ६९२ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे भरलेल्या सभेने रक्त शिजवून खाणाऱ्या धर्मसेवकाला पदच्युत करण्याचा आणि सामान्य माणसाला सहभागितेतून वगळण्याचा नियम केला. पश्चिमेकडे १४४२ मध्ये फ्लॉरेन्सच्या परिषदेने, ज्या कारणासाठी तो निर्णय होता ते कारण संपले म्हणून निर्णयही संपला, असे जाहीर केले. विसाव्या शतकात तेच वचन पुन्हा वेगळ्या जागी उभे राहिले. १९४५ मध्ये एका पंथाने रक्त वर्ज्य करण्याच्या आज्ञेत रुग्णाला रक्त चढवणेही येते, असे शिकवायला सुरुवात केली आणि १९६१ पासून ते स्वीकारणाऱ्याला पंथातून काढण्याची तरतूद केली. एकाच वाक्याची चार टोकांची लागूकरणे झाली. चौघांनीही शास्त्राचा आदर केला, यात शंका नाही; पण ही आज्ञा कोणाला कोणाबरोबर बसवण्यासाठी होती, हा प्रश्न त्यांपैकी आफ्रिकेतील बिशपने सर्वांत नेमका विचारला, असे म्हणावे लागते.

मधल्या शतकांचा आढावा थोडक्यात घेता येतो. बाप्तिस्म्याआधी दीर्घ शिक्षण देण्याची आणि उमेदवाराचा व्यवसाय तपासण्याची रीत सुरुवातीच्या शतकांत होती. मूर्ती घडवणाऱ्याला किंवा आखाड्यात लढणाऱ्याला आधी तो धंदा सोडावा लागे. तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात इजिप्तमधील एका तरुणाने, सर्व विकून गरिबांना दे, हे वचन उपासनेत ऐकले आणि अक्षरशः पाळले. त्यातून मठजीवनाला बळ मिळाले, पण त्याचबरोबर सर्वांसाठी आज्ञा आणि परिपूर्ण होऊ पाहणाऱ्यांसाठी वेगळे उपदेश, अशी दुपदरी समजही रुजली. १२१५ मध्ये वर्षातून एकदा पापकबुली सक्तीची झाल्यावर सामान्य माणसाच्या जीवनाला शास्त्र लागू करण्याचे काम मुख्यतः कबुली ऐकणाऱ्या याजकाकडे गेले.

सोळाव्या शतकात ही दुपदरी समज मोडली गेली. १५२९ मध्ये विटेनबर्गमध्ये छापलेल्या छोट्या प्रश्नोत्तरपुस्तिकेने दहा आज्ञा कुटुंबप्रमुखाच्या हाती दिल्या. खून करू नको, या आज्ञेचा अर्थ तिने शेजाऱ्याला इजा न करणे एवढाच न ठेवता त्याच्या प्रत्येक शारीरिक गरजेत त्याला साहाय्य करणे, असा केला. चांभार, मोलकरीण, दंडाधिकारी यांचे रोजचे काम हीच देवाने दिलेली सेवा, ही शिकवणही तेव्हाचीच. लागूकरणाच्या इतिहासातील हे सर्वांत मोकळे पाऊल आहे, असे मला मनापासून वाटते.

त्याच शतकात छापखान्यात एक बदल घडला आणि त्याचा परिणाम आजच्या वाचनावर कोणत्याही सिद्धांतापेक्षा जास्त झाला. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकापासून रूढ झाली होती. नव्या कराराला आजचे वचनक्रमांक १५५१ मध्ये जिनिव्हात छापलेल्या आवृत्तीत मिळाले. १५६० मध्ये तेथेच निघालेल्या इंग्रजी बायबलमध्ये प्रत्येक वचन स्वतंत्र ओळीपासून सुरू झाले आणि समासात टिपा आल्या. संदर्भ शोधणे सोपे झाले, घरोघरी अभ्यास होऊ लागला, हे त्याचे मोठेच देणे आहे. मात्र पत्राचा एक तुकडा पत्रापासून सुटा करून हातात धरता येऊ लागला, तोही येथूनच.

उदाहरणादाखल यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या एकोणतिसाव्या अध्यायातील अकरावे वचन घ्यावे. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, हे आश्वासन आज परीक्षेच्या, नोकरीच्या किंवा आजारपणाच्या वेळी एकेका व्यक्तीला दिले जाते. मूळ पत्र बाबेलात नेलेल्या संपूर्ण समाजाला आहे. दहाव्या वचनात सत्तर वर्षांची मुदत आहे, म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक जण परत जाणार नव्हते. पाचव्या वचनात घरे बांधा, बागा लावा, आणि सातव्यात ज्या नगरात तुम्हांला नेले त्याचे हित पाहा, अशी आज्ञा आहे. हे सारे वाचल्यावर ते आश्वासन पोकळ ठरत नाही. उलट दीर्घ काळ परक्या नगरात इमानाने राहण्याचे बळ त्यातून मिळते. सुटे वचन हे बळ देऊ शकत नाही.

सतराव्या शतकापासून पुढे घरगुती मनन झपाट्याने वाढले. १६७५ मध्ये फ्रँकफुर्टच्या एका पाळकाने लहान गटांत शास्त्र वाचून आचरणाची चर्चा करावी, असे सुचवले. हेर्नहुट येथील समुदायाने १७३१ या वर्षासाठी रोजच्या वचनांची पुस्तिका छापली आणि ती आजही दरवर्षी निघते. १७८० मध्ये ग्लॉस्टरला सुरू झालेल्या रविवारच्या शाळा आणि १८०४ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेली शास्त्रप्रसारक संस्था यांमुळे शास्त्र गरिबांच्या हाती पोहोचले. १९६५ मध्ये व्हॅटिकनच्या परिषदेने सर्व भाविकांना शास्त्र खुले असावे, असे सांगितले आणि लॅटिन अमेरिकेतील वस्त्यांतले गट पाहा, पारखा, कृती करा या तीन पायऱ्यांनी वाचू लागले. येथे यरुशलेमेतली मधली पायरी परत आलेली दिसते.

गुलामगिरीच्या वादाने लागूकरणाची सर्वांत कठोर परीक्षा घेतली. १८०७ मध्ये लंडनमध्ये वेस्ट इंडिजमधील गुलामांसाठी निवडक उताऱ्यांचे जे शास्त्र छापले गेले, त्यातून इस्राएलाच्या सुटकेची हकिकत गाळलेली होती. अमेरिकेत पौलाने ओनेसिम या दासाला त्याच्या धन्याकडे पत्र देऊन परत पाठवल्याचा दाखला एका बाजूने दिला जाई. तर दासापेक्षा श्रेष्ठ, प्रिय बंधू म्हणून स्वीकार, हे त्याच पत्रातील वचन दुसरी बाजू पुढे करी. १८४४ आणि १८४५ मध्ये तेथील दोन मोठे पंथ याच प्रश्नावर दुभंगले.

करिंथच्या पत्रातील दुर्बळ विवेकाचा, म्हणजे असे मांस खायला ज्याचे मन कचरते त्या बंधूला जपण्याचा, मुद्दा याच काळात दक्षिण आफ्रिकेत उलटा फिरवला गेला. १८५७ मध्ये केप येथील डच रिफॉर्म्ड चर्चच्या धर्मसभेने ठरवले की वेगळ्या वर्णाच्या सभासदांना एकाच मंडळीत घेणे इष्ट आणि शास्त्रानुसार आहे; पण काहींच्या दुर्बळतेमुळे त्यास अडथळा येत असेल, तर त्यांची उपासना वेगळ्या इमारतीत व्हावी. पौलाने सबळांना ताटातले मांस सोडायला सांगितले होते, ते दुर्बळ बंधूचा नाश होऊ नये म्हणून. येथे दुर्बळतेच्याच नावाने बंधूला पंगतीतून उठवले गेले. सवलत म्हणून सुरू झालेली ही व्यवस्था पुढे रीत बनली, १८८१ मध्ये या सभासदांची वेगळी मंडळी स्थापन झाली आणि विसाव्या शतकात वंशभेदाच्या राजकीय धोरणाला तिचा आधार मिळाला. त्याच वेगळ्या काढलेल्या मंडळीने १९८२ मध्ये ऐक्य, समेट आणि न्याय यांविषयी विश्वासाचे निवेदन तयार केले आणि १९८६ मध्ये ते स्वीकारले. १९९४ मध्ये ती दुसऱ्या एका विभक्त मंडळीशी एकरूप झाली. ज्या मातृसंस्थेने १८५७ चा ठराव केला होता, तिच्याशी पूर्ण एकीकरण दीर्घ वाटाघाटींनंतरही साधलेले नाही, आणि त्या वाटाघाटींतील मुख्य अडचणींपैकी एक म्हणजे मातृसंस्थेने ते निवेदन स्वतःचे म्हणून स्वीकारावे की नाही, हा प्रश्न आहे.