रेस दिली की गाडी का थरथरते?

एका वेगात गाडी शांत चालते, एक्सलरेटर दाबला की थरथरते आणि पाय उचलला की पुन्हा शांत होते. या तक्रारीवर बहुतेक वेळा सगळ्यात आधी चाकांचं बॅलन्सिंग करून घेतलं जातं. पैसे जातात, थरथर तशीच राहते. वाईट याचं वाटतं की, निदानाची निम्मी वाट त्या तक्रारीतच दाखवलेली असते आणि तिकडे कुणी बघत नाही.

आधी चाकाचा विचार करू. रिमच्या कडेला, मध्यापासून २० सेंटीमीटरवर, एका बाजूला २० ग्रॅम वजन जास्त आहे असं धरा. ताशी १०० किलोमीटर वेगाला साधारण मोटारीचं चाक सेकंदाला १४-१५ फेरे घेतं. त्या गतीला हे २० ग्रॅम सुमारे साडेतीन किलो वजनाइतक्या जोराने चाकाला बाहेर खेचतात, आणि ही ओढ प्रत्येक फेऱ्यात दिशा बदलते. वेग निम्मा केला की हा जोर चौथ्या हिश्शावर येतो. म्हणजे असंतुलित चाकाचे हादरे वेगावर ठरतात. पाय एक्सलरेटरवर आहे की नाही, याच्याशी त्यांचा संबंध नसतो. ताशी ९० च्या आसपास स्टिअरिंग थरथरतं आणि पाय उचलूनही थरथरत राहतं, तेव्हा बॅलन्सिंग जरूर करा. थरथर फक्त रेस देताना होत असेल तर दोष जोर निर्माण करणाऱ्या किंवा तो चाकापर्यंत नेणाऱ्या भागांत शोधायला हवा. (चाकांचे नट सैल नाहीत ना, हे मात्र कोणत्याही हादऱ्यात सर्वांत आधी बघावं. तिथे तर्क लढवत बसू नये.)

पुढचा प्रश्न असा: थरथर इंजिनच्या फेऱ्यांबरोबर बदलते की चाकांच्या? मोकळ्या, सरळ रस्त्यावर एकाच वेगाला दोन वेगवेगळ्या गिअरमध्ये रेस देऊन बघा. चाकांची गती तीच राहते, इंजिनची बदलते. खालच्या गिअरमध्ये थरथरीची लय जलद झाली तर दोष इंजिनच्या बाजूला. लय तीच राहिली तर गिअरबॉक्सच्या पुढे, चाकांच्या बाजूला.

इंजिनच्या बाजूचा सर्वांत मोठा संशयित म्हणजे मिसिंग, म्हणजे एखाद्या सिलिंडरमधलं इंधन न पेटणं. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. मिनिटाला २००० फेरे चालू असताना एक सिलिंडर पेटलाच नाही, तर सेकंदाला सुमारे १७ वेळा जोरात खंड पडतो आणि तो सीटपर्यंत जाणवतो.

पण जागेवर गुळगुळीत चालणारं इंजिन चढावरच का मिसिंग करतं? स्पार्क प्लगच्या टोकाशी असलेल्या फटीत ठिणगीला हवेतून उडी मारायची असते. त्यासाठी किती व्होल्टेज लागेल ते वायूचा दाब आणि फटीची रुंदी यांच्या गुणाकारावर ठरतं, हा नियम फ्रीड्रिख पाशेन यांनी १८८९ मध्ये मांडला. एक्सलरेटर दाबला की सिलिंडरमध्ये जास्त हवा शिरते, ठिणगीच्या क्षणी दाब वाढलेला असतो आणि जास्त व्होल्टेज लागतं. झिजून फट वाढलेला प्लग किंवा प्लगला व्होल्टेज पुरवणारी, थकलेली इग्निशन कॉइल नेमकी तेव्हाच कमी पडते. मोटारी नुकत्याच येत होत्या तेव्हा शोधलेला हा नियम आजही गॅरेजमध्ये रोज लागू पडतो, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

गाडीचा संगणकही मिसिंग पकडतो. एक सिलिंडर पेटला नाही की क्रँकशाफ्ट (इंजिनचा मुख्य फिरणारा दांडा) क्षणभर मंदावतो आणि सेन्सर तेवढा फरक टिपतो. त्या संगणकाला जोडलेल्या स्कॅनरवर पी०३०१ हा दोषाचा कोड दिसला तर पहिला सिलिंडर, पी०३०३ दिसला तर तिसरा. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असेल तर पहिल्याची कॉइल तिसऱ्याला लावायची, कोड पुसायचा आणि गाडी चालवून बघायची. कोडही तिसऱ्यावर गेला तर कॉइल खराब. पहिल्यावरच राहिला तर प्लगची अशीच अदलाबदल, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशनची तपासणी. अनेक सिलिंडर एकदम मिसिंग करत असतील तर इंधनाचा दाब आणि फिल्टर बघावा. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर मात्र गाडी तशीच दामटू नका. न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि त्याचा आतला भाग वितळू शकतो. एका कॉइलच्या दुरुस्तीपेक्षा ते कितीतरी महाग पडतं.

पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत दुसरा संशयित म्हणजे ड्राइव्ह शाफ्टचा, म्हणजे गिअरबॉक्सकडून चाकाकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचा, गिअरबॉक्सकडचा सांधा, आतला सीव्ही जॉइंट. बऱ्याच गाड्यांत त्याच्या आत तीन रोलर असतात आणि ते खाचांतून पुढेमागे सरकतात. खाचा झिजल्या की जोर येताच रोलर अडकत-सरकत चालतात आणि चाकाच्या दर फेऱ्याला तीन धक्के आडवे बसतात. मग गाडीचं नाक डावीकडे-उजवीकडे हलल्यासारखं वाटतं. पाय उचलला की जोर जातो, धक्केही जातात. बाहेरचा सांधा खराब असेल तर लक्षण वेगळं: गाडी वळवताना टकटक आवाज. आतल्या सांध्यावरचं रबरी आवरण (बूट) फाटून ग्रीस बाहेर उडालं आहे का, ते गाडी उचलून बघता येतं. बूट वेळीच बदललं तर सांधा वाचतो. आत धूळ शिरून खाचा झिजल्यावर नुसतं नवं ग्रीस भरून उपयोग नाही.

थरथर फक्त पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडताना होते आणि क्लच पूर्ण सुटला की थांबते, असं असेल तर क्लच प्लेट बघा.

उरतं इंजिन माउंटिंग. रेस दिली की इंजिन स्वतःच्या जोराच्या उलट दिशेला कलतं, त्याला रबर धरून ठेवतं. रबर फाटलं की इंजिनची प्रत्येक हालचाल बॉडीत उतरते. दुसरा एक परिणाम सहसा ध्यानात येत नाही. माउंटिंगचं रबर दबल्यामुळे इंजिन खाली उतरतं, तेव्हा ड्राइव्ह शाफ्टचा कोन बदलतो, आणि आतल्या सांध्याचे ते तीन धक्के कोन वाढला की वाढतात. म्हणून नवा शाफ्ट बसवूनही रेस देताना थरथर राहिली असेल, तर शाफ्टला दोष देण्याआधी इंजिन आपल्या मूळ उंचीवर आहे का ते मोजून घ्यावं.