लिफ्टमधलं संगीत आणि मांतोवानीची व्हायोलिनं

वाद्यवृंद-संचालक मांतोवानीची जुनी एलपी (लाँग-प्ले तबकडी) लावली की कुणीतरी हमखास विचारतं, "लिफ्टमध्ये वाजतं ते हेच ना?" व्हायोलिनांचा ताफा तसाच, गाणारं कुणी नाही, चाली ओळखीच्या, गल्लत होणारच. पण १९५०च्या आसपासच्या अमेरिकेत या दोन निराळ्या वस्तू होत्या आणि त्यांचं गिऱ्हाईकही निराळं होतं.

लिफ्टमधलं ते म्युझॅक. हे संगीतप्रकाराचं नाही, कंपनीचं नाव. रेडिओसारखे कार्यक्रम, पण तारेतून पोचवायचे, ही कल्पना जॉर्ज स्क्वायर या लष्करी अधिकाऱ्याची. १९३४ मध्ये 'म्युझिक' आणि 'कोडॅक' जोडून नावही त्यानंच बनवलं. वर्गणी भरायचा हॉटेलचा किंवा कारखान्याचा मालक. ज्याच्या कानावर पडायचं त्याला कोण विचारतंय! पुढे कामगारांसाठी त्यांनी १५-१५ मिनिटांचे तुकडे पाडले. प्रत्येक तुकड्यात लय आणि वाद्यांचा भरणा हळूहळू चढत जायचा, मग तेवढाच वेळ शांतता. शब्द वर्ज्य, कारण शब्दांकडे कान गेला की हात थांबतो. लक्ष वेधून घेणं हाच इथे दोष.

मांतोवानीचं नेमकं उलट. व्हेनिसमध्ये जन्मलेला, इंग्लंडमध्ये वाढलेला हा माणूस १९५१च्या 'शार्मेन'मुळे अमेरिकेत पोचला. त्यातली करामत संगीत संयोजक रॉनल्ड बिंज यांची. व्हायोलिनवाल्यांचे गट पाडायचे, सुरावटीतला एकेक सूर वेगळ्या गटाला द्यायचा आणि पुढचा सूर आला तरी आधीच्यानं तो धरून ठेवायचा. सूर एकमेकांवर सांडत जातात, मोठ्या चर्चमध्ये घुमावेत तसे. यंत्रानं इको दिलाय असं वाटतं, पण ते सगळं कागदावर लिहिलेलं! यासाठी लोक दुकानात जाऊन पदरचे पैसे मोजत. १९४८ मध्ये कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीनं एलपी आणली आणि तीन-चार मिनिटांत संपणाऱ्या तबकडीऐवजी एका बाजूला वीसेक मिनिटं संगीत मिळू लागलं. त्याचाही यात मोठा हात.

सीमा पुसट होते ती जॅकी ग्लीसनपाशी. नोटेशन न येणाऱ्या या विनोदी नटानं, जोडप्यांनी दिवा मंद करून लावाव्यात अशा रेकॉर्डी काढल्या. म्हणजे तेही पार्श्वसंगीतच, फक्त सुई ठेवणारा हात ऐकणाऱ्याचा.

घोळ वाढवला म्युझॅकनंही: लोकप्रिय चाली ते आपल्या वादकांकडून गुळगुळीत करून वाजवून घेत. १९६० मध्ये वाद्यवृंद-संचालक पर्सी फेथची एक चित्रपट-धून अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ९ आठवडे पहिल्या नंबरावर राहिली. म्युझॅकची तबकडी त्या यादीत येण्याचा प्रश्नच नव्हता. ती दुकानात विकायला नसायचीच.