एफपीजीए कार्ड घेण्याआधी बाइट मोजूया

सिम्युलेशन रात्रभर चालतं, म्हणजे प्रोसेसर कमी पडतोय, असं आपण सहज धरून चालतो. बऱ्याचदा प्रोसेसर नुसता ताटकळत असतो. आडात पाणी भरपूर असतं, पोहरा लहान असतो. हा पोहरा म्हणजे मेमरी बँडविड्थ, म्हणजे मेमरीतून सेकंदाला किती बाइट ये-जा करू शकतात ते.

एफपीजीए ही हवी तशी घडवता येणारी चिप. तुमच्या गणिताला लागणारी जोडणी, म्हणजे सर्किट, आम्ही तिच्यात बसवतो. गणित बदललं की जोडणीही बदलता येते. पण कार्डावरची मेमरी हळू असेल, तर नुसती चिप मोठी घेऊन काहीच साधत नाही.

एक उदाहरण घेऊ. तापलेल्या पत्र्यावर उष्णता कशी पसरते ते काढायचं आहे. पत्र्यावर बिंदूंची जाळी ४०९६ × ४०९६, आकडे ४ बाइटचे. प्रत्येक बिंदूला स्वतःची आणि चार शेजाऱ्यांची किंमत लागते. दर वेळी मेमरीत हात घातला तर पाच वाचनं आणि एक लेखन, म्हणजे २४ बाइट. डीडीआर४-२४०० या नेहमीच्या मेमरीचं एक चॅनेल, म्हणजे ये-जा करायची एक वाट, सेकंदाला जास्तीत जास्त १९.२ जीबी देतं. या हिशोबाने काळाची एक पायरी पुरी व्हायला सुमारे २१ मिलिसेकंद जातात.

आता जाळीच्या दोन ओळी चिपवरच धरून ठेवल्या, तर प्रत्येक आकडा एकदाच आत येतो आणि एकदाच बाहेर जातो. २४ चे ८ बाइट झाले, २१ चे ७ मिलिसेकंद. या दोन ओळींना जागा लागते फक्त ३२ केबी.

खरी कमाई पुढे आहे. पहिल्या पायरीचं उत्तर मेमरीत परत न पाठवता थेट दुसऱ्या पायरीच्या जोडणीत सोडायचं, तिथून तिसऱ्या. अशा दहा पायऱ्या साखळीत लावल्या की त्याच ७ मिलिसेकंदांत दहाही पायऱ्या उरकतात. चिपचं घड्याळ ३०० मेगाहर्ट्झवर चालवून त्याच्या दर ठोक्याला आठ बिंदू घेतले की चॅनेल पुरेपूर वापरलं जातं. हे कागदावरचे आकडे आहेत. प्रत्यक्षात चॅनेल थोडं कमीच देतं.

हे सगळ्याच कामांना लागू पडत नाही, आणि ते आम्ही आधीच सांगतो. विरळ (बहुतेक आकडे शून्य असलेल्या) मॅट्रिक्सच्या गुणाकारात आकडा एकदा वापरला की त्याचं काम संपतं. तिथे साखळी लावायला वावच नाही. त्यासाठी एचबीएम (खूप जास्त बँडविड्थच्या) मेमरीचं कार्ड किंवा जीपीयू, म्हणजे ग्राफिक्स प्रोसेसर, बघावा. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीतही अँटेनांचे सिग्नल डिजिटल करून पुढे धाडायला एफपीजीए बोर्ड आहेत, आणि त्यापुढचं जड गणित जीपीयूवर होतं. आम्हाला ही वाटणी मनापासून पटते.

आणखी एक: जोडणीत छोटासा बदल केला तरी ती नव्याने बांधायला कित्येक तास लागतात. सूत्र रोज बदलत असेल तर थोडं थांबा.

आमच्याकडे येताना कोडमधलं सर्वांत जास्त वेळ खाणारं लूप (पुन्हा पुन्हा चालणारा भाग), जाळीचा आकार आणि उत्तरात किती दशांश स्थळं खरोखर हवी आहेत एवढं घेऊन या. ४ ऐवजी २ बाइटचे आकडे चालणार असतील, तर तेवढ्याच मेमरीतून दुप्पट बिंदू ये-जा करतात.